स्वमग्नतेचे निदान : आईच्या लक्षात आल्यापासून कागदावर नाव येईपर्यंत

खाडीकाठ, ठाणे (पश्चिम) :

ठाण्यात विशेष शिक्षिका म्हणून काम करताना एक तफावत इतकी अंगवळणी पडली आहे की आता तिचे आश्चर्यही वाटत नाही. घोडबंदर मार्गावरच्या संकुलातले मूल स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान घेऊन आमच्याकडे येते, तेव्हा ते बहुधा अडीच-तीन वर्षांचे असते. वागळे इस्टेटच्या मागच्या वस्तीतले किंवा दिवा स्टेशनजवळच्या चाळीतले मूल येते ते सहा-सात वर्षांचे झाल्यावर, आणि तेही शाळेने हात टेकल्यामुळे. यावरून गरीब घरांत मुलांकडे लक्ष कमी असते असा निष्कर्ष कोणी काढत असेल, तर तो मला साफ नामंजूर आहे. वेगळे काहीतरी आहे असे पहिल्यांदा कधी वाटले, हे मी प्रत्येक आईला विचारते, आणि दोन्हीकडून उत्तर जवळजवळ सारखेच येते : वर्ष-दीड वर्षाचा असताना. हाक मारली तरी वळत नव्हता, कडेवर घेतले तर अंग ताठ करायचा, पंख्याकडे तासन्‌तास पाहत बसायचा. आईच्या लक्षात येते ते वेळेवरच येते. त्यानंतर त्या लक्षात आलेल्या गोष्टीचे घरात, दवाखान्यात आणि शाळेत काय होते, यावर पुढची तीन-चार वर्षे ठरतात, आणि त्याविषयी या धाग्यावर चर्चा व्हावी असे वाटते.

उत्पन्नाचा हा गुंता निदानाइतकाच जुना आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ स्वमग्न मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यांचे आईवडील बहुतेक उच्चशिक्षित होते आणि कॅनर यांनी ती गोष्ट मुद्दाम नोंदवली होती. पुढे कित्येक वर्षे हा शिकलेल्या, बुद्धिमान आणि मनाने थंड आईबापांच्या मुलांचा विकार समजला गेला. मानसशास्त्रज्ञ ब्रुनो बेटलहाइम यांच्यासारख्यांनी तर सगळे खापर आईवरच फोडले. त्या काळच्या अमेरिकेत बालमानसोपचारतज्ज्ञाच्या दारापर्यंत पोहोचण्याची ऐपत कोणाची होती, हा साधा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. दवाखान्यात कोण आले एवढ्यावर न थांबता लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी कॅम्बरवेल या एका भागातील मुलांची पाहणी केली आणि १९८० मध्ये दाखवून दिले की अशा पाहणीत वरचा वर्ग आणि खालचा वर्ग असा फरक उरत नाही. लांबून, खर्च करून तज्ज्ञाकडे येणारी कुटुंबे सुस्थितीतली असतात, एवढेच त्या जुन्या समजाचे मूळ होते.

तरीही अमेरिकेच्या आकडेवारीत २००० नंतरही बराच काळ असेच दिसत राहिले की घरचे उत्पन्न जसे वाढते तसे स्वमग्नतेचे प्रमाण वाढते. स्टॉकहोममध्ये मात्र, जेथे बालकांच्या विकासाची तपासणी सर्वांना मोफत मिळते, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमके उलटे आढळले : कमी उत्पन्नाच्या घरांत प्रमाण अधिक. एकच विकार एका देशात श्रीमंतांना आणि दुसऱ्या देशात गरिबांना अधिक होतो, असे तर नाही. अमेरिकेतही तपासणी जसजशी खाली पोहोचली तसे चित्र पालटले. २०२० सालच्या पाहणीत गोऱ्या मुलांमधील प्रमाण प्रथमच कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई मुलांपेक्षा कमी भरले, आणि पाहणीच्या ११ पैकी ३ ठिकाणी तर कमी उत्पन्नाच्या घरांत प्रमाण अधिक आढळले.

संस्कृतीचा भाग मला यापेक्षा अवघड वाटतो, कारण तो पैशासारखा मोजता येत नाही. आपण वापरतो त्या बहुतेक प्रश्नावल्या बाहेर तयार झालेल्या आहेत. परदेशात प्रमाणभूत मानल्या जाणाऱ्या एडॉस या चाचणीत लहान मुलासोबत बाहुलीचा वाढदिवस साजरा करून पाहायचा असतो. ज्या घरात मेणबत्त्या लावून केक कापला जात नाही, तेथील मुलाने त्या बाहुलीसाठी फुंकर मारली नाही, तर त्याचा अर्थ काय लावायचा? म्हणून मी आईला जेवणाबद्दल विचारते. 'एक घास काऊचा, एक घास चिऊचा' करताना तुम्ही खिडकीकडे बोट दाखवले, तर बाळ बोटाकडे पाहते, कावळ्याकडे पाहते, की फक्त तोंड उघडते? कावळा दिसल्यावर वळून तुमच्याकडे पाहते का? दुसऱ्याचे लक्ष आणि आपले लक्ष एकाच वस्तूवर जुळवणे, हे दीड वर्षाच्या मुलात तपासायचे सर्वांत मोलाचे कौशल्य आहे, आणि मराठी घरात ते रोज दोन वेळा ताटावर तपासले जात असते. प्रश्न या भाषेत विचारला की दिव्याच्या चाळीतली आई आणि हिरानंदानी संकुलातली आई सारख्याच नेमकेपणाने उत्तर देतात.

उपवन :

धागा अभ्यासपूर्ण आहे, परंतु एक शंका मांडतो. अमेरिकेत २००० मध्ये १५० मुलांमागे एक असे असलेले प्रमाण २०२२ च्या पाहणीत ३१ मुलांमागे एक झाले आहे. एवढी वाढ खरी कशी मानायची? आमच्या लहानपणी प्रत्येक वाड्यात एखादा घुमा, आपल्याच तंद्रीत राहणारा मुलगा असे. त्याला कोणी लेबल लावले नाही आणि त्याचे पुढे बरे चालले. आज प्रत्येक अबोल मुलामागे थेरपीचे दुकान उभे राहत आहे, आणि ती दुकाने पैसेवाल्यांच्याच वस्तीत आहेत, हेही लक्षात घ्यावे.

खाडीकाठ :

उपवन, दुकानांविषयीची आपली तक्रार मला मान्य आहे. वाढीचा बराचसा भाग निकष रुंदावल्याने, सौम्य लक्षणांची मुले मोजली जाऊ लागल्याने आणि तपासणी सर्वदूर पोहोचल्याने झाला आहे, हेही खरे आहे. वाड्यातल्या ज्या मुलाचे बरे चालले, तो आपल्या आठवणीत राहिला. ज्याला माळ्यावर किंवा मागच्या खोलीत ठेवले जाई आणि पाहुण्यांसमोर आणले जात नसे, त्याची आठवण वाड्याबाहेर कोणाला नसे. ठाण्याचे मनोरुग्णालय शंभराहून अधिक वर्षे जुने आहे. तेथे आयुष्य काढलेल्या माणसांपैकी किती जण मुळात स्वमग्न होते, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

मीनल_ऐरोली :

पैसा असला म्हणजे निदान लवकर होते, या गृहीतकाला आमचे घर अपवाद आहे, म्हणून लिहिते. आम्ही दोघेही नोकरी करतो, विमा आहे, गाडी आहे, आणि आमच्या मुलीचे निदान ती नऊ वर्षांची झाल्यावर झाले. कारण ती मुलगी होती आणि शांत होती. बालवाडीपासून प्रत्येक बाईंनी प्रगतिपुस्तकात 'शांत, गुणी, आज्ञाधारक' असेच लिहिले. मधल्या सुट्टीत ती एकटीच भिंतीला टेकून डबा खाते आणि डब्यातली पोळी आधी सारख्या आकाराच्या चौकोनांत फाडून घेते, हे पाचवीत एका नव्या शिक्षिकेने सांगितले. सासरी कोणी पाहुणे आले की ती मान खाली घालून बसे आणि सगळे तिच्या विनयाचे कौतुक करीत. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये, असे ज्या घरात शिकवले जाते, तेथे मूल डोळ्यांत पाहत नाही हे लक्षण म्हणून कोणाला खटकणार?

निदान झाल्यावरचा प्रवास वेगळाच निघाला. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सुचवले की कागदावर 'अध्ययन अक्षमता' एवढेच लिहून घ्यावे. ते चालण्यासारखे आहे, स्वमग्नता चालण्यासारखी नाही. दिराच्या मुलींची लग्ने व्हायची आहेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आम्ही अजूनही काढलेले नाही आणि यात सगळा दोष त्यांचाच आहे असेही मी म्हणणार नाही. प्रवेशाच्या वेळी ज्या शाळेने आम्हांला 'सर्वसमावेशक' म्हणून माहितीपुस्तिका दिली होती, तिनेच अहवाल पाहिल्यावर पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेचा विचार करा, असे सुचवले.

खाडीकाठ :

मीनलताई, आपण लग्नांविषयी लिहिले त्याला दक्षिण कोरियाचा दाखला जोडावासा वाटतो. गोयांग शहरातील ७ ते १२ वर्षांच्या मुलांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि स्वमग्नतेचे प्रमाण २.६४ टक्के निघाले, म्हणजे तोवर जगात कोठेही मिळालेल्या आकड्यांपेक्षा बरेच जास्त. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश मुले नेहमीच्या शाळांत बसत होती आणि त्यांचे निदान झालेले नव्हते. या अभ्यासात सहभागी असलेले मानववंशशास्त्रज्ञ रॉय रिचर्ड ग्रिंकर, जे स्वतः एका स्वमग्न मुलीचे वडील आहेत, यांनी लिहिले आहे की तेथील अनेक माता 'आईच्या मायेअभावी निर्माण झालेला विकार' हे निदान पसंत करीत. त्यात बोल आईला लागतो, पण आनुवंशिकतेचा संशय टळतो आणि भावंडांची लग्ने सुरक्षित राहतात. स्वतःच्या माथी दोष घेऊन कुळ वाचवायचे, हा हिशेब आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगावा लागणार नाही.

मुलींचे म्हणाल तर दवाखान्यांतील नोंदींत साधारण चार मुलग्यांमागे एक मुलगी असते, पण घरोघर जाऊन शोधले की ते प्रमाण तीनास एकच्या जवळ येते. नोंदींत न आलेल्या मुली कुठे आहेत, त्याचे उत्तर आपल्या मुलीच्या प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यात आहे.

बालवैद्य_कोपरी :

मी ठाणे पूर्वेला बालरोगतज्ज्ञ आहे. धागाकर्तीने ज्या मधल्या तीन-चार वर्षांविषयी लिहिले आहे, त्यांचे एक अगदी रुक्ष कारण लसीकरणाच्या वेळापत्रकात आहे आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

सरकारी वेळापत्रकानुसार १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा पहिला बूस्टर होतो. त्यानंतरची सुई पाच वर्षे पूर्ण झाल्यावर. मधल्या तीन-साडेतीन वर्षांत निरोगी मुलाला डॉक्टरांसमोर आणण्याचे कारणच उरत नाही. खाजगी दवाखान्यात येणाऱ्या मुलाला याच काळात काविळीची, विषमज्वराची, दरवर्षी फ्लूची अशा विकतच्या लसी दिल्या जातात, म्हणजे ते मूल किमान वर्षातून एकदा माझ्यासमोर बसते, आणि त्याने खुर्चीचे चाक फिरवत राहणे किंवा माझ्या टेबलावरच्या बाहुल्याकडे ढुंकूनही न पाहणे मला दिसते. आमच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस १८ आणि २४ महिन्यांना स्वमग्नतेची चाळणी (प्राथमिक तपासणी) करण्याची आहे. सरकारी वेळापत्रकावर असलेल्या मुलाची दुसरी चाळणी करणार कोण, जर ते त्या वयात कोठे येतच नसेल?

दवाखान्यांची बाजूही सांगतो. संध्याकाळी बाहेर रांग लागलेली असताना एका मुलाला चार मिनिटे मिळतात. त्या चार मिनिटांत आई म्हणते, 'बोलत नाही अजून', आणि डॉक्टर म्हणतात, 'मुलगे उशिरा बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट पाहू.' हे वाक्य आमच्या व्यवसायातील सर्वांत महागडे वाक्य आहे. सधन आई दुसऱ्या डॉक्टरकडे जाते. मोलमजुरी करणारी आई डॉक्टरांनी सांगितले म्हणून खरोखरच तीन वर्षांपर्यंत वाट पाहते.

आणि सगळे केवळ पैशावर ढकलता येणार नाही. २००२ मध्ये फिलाडेल्फियातील मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळी मुले एकाच सरकारी आरोग्य योजनेतली, म्हणजे गरिबी सर्वांची सारखी होती. तरी गोऱ्या मुलांचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी आणि कृष्णवर्णीय मुलांचे ७.९ व्या वर्षी झाले होते. समोर बसलेल्या कुटुंबाविषयी डॉक्टरच्या मनात जे आधीच ठरलेले असते, तेही निदान लांबवते. आपल्याकडे ते जातीवरून, भाषेवरून, कपड्यांवरून ठरते, हे आम्ही उघडपणे कबूल करीत नाही.

मुख्यसेविका_तुर्भे :

डॉक्टरसाहेबांनी वेळापत्रकाचे बरोबर सांगितले, पण मधल्या वर्षांत ही मुले कोणालाच दिसत नाहीत असे नाही. ती अंगणवाडीत असतात, निदान असायला हवीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला झाला होता. या कार्यक्रमात जन्मतः असलेले व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब अशा चार गोष्टी पाहायच्या असतात आणि स्वमग्नता त्या यादीत आहे. पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचे, अशी रचना आहे. माता-बाल संरक्षण कार्डावरही कोणत्या महिन्यात मूल काय करते याची चित्रे असतात.

कागदावर हे सर्व आहे. वस्तीत काय होते ते सांगते. जे मूल ओरडते, दुसऱ्यांना ढकलते, खिचडीचे ताट उलटे करते, त्याला आई हळूहळू अंगणवाडीत पाठवणे बंद करते, कारण बाकीच्या आया तक्रार करतात. पथक येते तेव्हा हजर मुले तपासली जातात. म्हणजे ज्याच्यासाठी पथक यायला हवे, नेमके तेच मूल त्या दिवशी घरात कडी लावून ठेवलेले असते. हजेरीपटावर त्याच्यापुढे गैरहजर एवढेच असते. खाणपट्ट्यात आणि बांधकामावर काम करणारी कुटुंबे तर पावसाळ्याआधी गावी जातात आणि परत येतात ती दुसऱ्याच कुठल्या साइटवर.

एका आईचे उदाहरण देते, ओळख पटेल असे काही न सांगता. पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी मिळाली, ती मुलाला घेऊन मोठ्या रुग्णालयात गेली. तेथे सांगितले की आधी कानांची बेरा तपासणी करून आणा, कारण ऐकू येत नसल्यामुळे बोलत नाही का, हे पाहावे लागते. ते योग्यच आहे. पण त्या तपासणीसाठी मूल गाढ झोपलेले लागते. तिला सांगितले, रात्री जागवा आणि सकाळी आणा. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत तिने मुलाला रात्रभर जागवले. शेजारणीने भांडण काढले, नवरा पहाटेच्या पाळीला न झोपता गेला. मूल लोकलमध्ये झोपले आणि रुग्णालयात पोहोचल्यावर गर्दीच्या आवाजाने टक्क जागे झाले. औषध देऊनही झोपले नाही. नवी तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली होती, आणि पुढच्या तारखेला ती गेली नाही. आमच्या नोंदीत अशा आईपुढे 'पालकांची उदासीनता' असा शेरा येतो. तो शेरा लिहायला मी नकार देते, एवढे तरी माझ्या हातात आहे.

वाचा_उपचार :

वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून दोन गोष्टी जोडते. पहिली, घरगुती उपायांविषयी. वेखंड उगाळून जिभेला लावणे, पोपटाने टोचलेला पेरू भरवणे, दृष्ट काढणे, देवाला बोलणे, या सगळ्यांची आम्ही उगाच थट्टा करतो. त्यांतून बहुधा इजा होत नाही आणि एक गोष्ट कळते, की घराला न बोलणे खटकलेले आहे. वेळ खरा वाया जातो तो त्यांच्यापेक्षा प्रतिष्ठित उपायांत. जिभेखालची दोरी कापून घेतलेली आणि त्यानंतर वर्षभर 'आता बोलेल' म्हणून वाट पाहिलेली मुले माझ्याकडे येतात. मूल हाक मारल्यावर वळत नाही, त्याचा जिभेच्या दोरीशी काय संबंध, हे कोणी विचारलेले नसते.

दुसरी गोष्ट सुशिक्षित घरांची. कोपरखैरणे-खारघरच्या संकुलांत आई मराठी, सांभाळणारी ताई हिंदी, शाळा इंग्रजी असा प्रकार सर्रास असतो. मूल बोलेनासे झाले की पहिला ठपका मोबाईलवर येतो आणि दुसरा भाषांवर. मग घरात फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला मिळतो. एकाहून अधिक भाषा कानांवर पडल्याने स्वमग्न मुलांच्या भाषाविकासाला अपाय होतो, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. पण या सल्ल्यामुळे आजी नातवाशी बोलायची बंद होते, आई तोकड्या इंग्रजीत 'कम, सिट, ईट' एवढेच बोलते, आणि मुलाच्या वाट्याला येणारे जिवंत बोलणे निम्म्यावर येते. मोबाईल अतिरेकी वापरू नये हे बरोबर आहे. पण 'मोबाईलमुळे झाले, मोबाईल काढून घेतला की जाईल' ही समजूत आज सधन घरांत नेमके तेच काम करते, जे पूर्वी 'मुलगे उशिरा बोलतात' करीत होते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टमारा डेली यांनी आपल्याकडच्या शहरी कुटुंबांचा जो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात येथील पालकांना बोलण्यापेक्षा मुलाचे माणसांत न मिसळणे आधी खटकल्याचे दिसते. माणसांनी भरलेल्या घरात ते आधी दिसणारच. तरीही आम्ही तज्ज्ञ पहिला प्रश्न विचारतो तो 'किती शब्द बोलतो?' हाच.

करावेकर_आजोबा :

मी करावे गावचा. शिक्षण बेताचे, तरी आपण सर्वांनी लिहिलेले दोनदा वाचले. माझा नातू असा आहे. आता चौदा वर्षांचा झाला. गावात त्याला सगळे ओळखतात, कोणी हसत नाही. भरतीच्या वेळा त्याला तोंडपाठ आहेत, महिन्याभराच्या पुढच्याही. आमच्याकडे घर भरलेले आहे, त्याला काय हवे ते त्याने मागण्याआधी कोणीतरी आणून देते. त्यामुळे तो मागायला शिकला नाही, हे मला आता पटते. पण मला विचारायचे आहे, की नाव मिळून काय मिळते? डॉक्टरांनी नाव दिले, त्याने आमच्या सुनेचे रडणे वाढले, बाकी काय बदलले?

खाडीकाठ :

आजोबा, हा प्रश्न या धाग्यावर कोणी तरी विचारायलाच हवा होता. नाव मिळाल्याने मूल बदलत नाही. हक्क बदलतात, आणि ते अलीकडचे आहेत. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ती प्रथम ओळखली आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती आली. प्रमाणपत्रासाठी 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी आहे. तीत ४० मुद्दे असतात, गुण ४० ते २०० च्या दरम्यान येतात, आणि ७० पासून पुढे स्वमग्नता धरली जाते. ती आपल्या देशात सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली आणि महागड्या परदेशी चाचण्यांवर अवलंबून राहावे लागत नाही, हा तिचा मोठा फायदा आहे. दोष असा, की एकूण गुणांवर दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते, आणि मीनलताईंच्या मुलीसारखी, सगळे आत दाबून वागणारी मुले त्यात हलकी भरतात.

आपल्या नातवाच्या बाबतीत आत्ता उपयोगाच्या तीन गोष्टी आहेत. दहावीला बसणार असेल, तर लेखनिक, वाढीव वेळ आणि विषयांतील सवलत मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे आणि त्यात नियमित उपचारांचा खर्चही धरला जातो. तिसरी गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानते. तो १८ वर्षांचा झाल्यावर, आईवडिलांच्या पश्चात त्याचे व्यवहार कोणी पाहायचे, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेऊन ठरवता येते. करावे गावात आज सगळे त्याला ओळखतात. घर आणि जमीन नावावर करायची वेळ येईल, तेव्हा ओळख पुरत नाही, कागद लागतो.

बालवैद्य_कोपरी :

आजोबांनी 'भरतीच्या वेळा तोंडपाठ' असे लिहिले आहे. कृपया हे तपासणीच्या वेळी आवर्जून सांगावे. छापील प्रश्नावलीत आगगाड्या, डायनोसॉर आणि नकाशे यांचे छंद असतात. भरती-ओहोटीचा रकाना नसतो, म्हणून कोणी विचारणार नाही.

उपवन :

माझ्या पहिल्या प्रतिसादातील दुकानांच्या मुद्द्यावर कोणी सविस्तर लिहिले नाही. आमच्या संकुलात एका कुटुंबाने मूळपेशींच्या (स्टेम सेल) उपचारावर मोठी रक्कम खर्च केली. पैसा असणाऱ्यांना निदान लवकर मिळते, हे मान्य केले तरी त्यांची फसवणूकही लवकर सुरू होते, असे मी म्हणेन.

वाचा_उपचार :

पूर्ण सहमत आहे. स्वमग्नतेवर मूळपेशींच्या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. तरी जाहिराती थांबलेल्या नाहीत. गरीब घराला निदानच मिळत नाही आणि श्रीमंत घराला 'बरे करून देतो' असे सांगणारा आधी भेटतो. मधल्या उत्पन्नाच्या घरांचे हाल आणखी वेगळे आहेत. सरकारी केंद्रात तारीख लांबची, खाजगी उपचार आठवड्यातून दोनदाच परवडतात, आणि आईला नोकरी सोडावी लागते. निदानानंतर सर्वांत आधी घटते ते त्या घराचे उत्पन्नच.

मीनल_ऐरोली :

ज्यांना खाजगी तपासणी परवडत नाही, त्यांनी आपल्या भागात नेमके कोठे जावे, हे कोणी लिहू शकेल का? आमच्याकडे घरकाम करणाऱ्या ताईंचा मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि मला काळजी वाटते.

खाडीकाठ :

नवी मुंबईत वाशीला महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र आहे, आणि खारघरला बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. ठाण्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी कळव्याच्या महापालिका रुग्णालयातील बालरोग विभागापासून सुरुवात करावी. जाताना मुलाचे लसीकरणाचे कार्ड न्यावे आणि मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचे घरातले चित्रण न्यावे : जेवताना, इतर मुलांमध्ये आणि हाक मारली तेव्हा. रुग्णालयात मूल घाबरून वेगळेच वागते. ज्या आईला डॉक्टरांसमोर शब्द सापडत नाहीत, तिचे काम ते चित्रण करते. शक्य असल्यास आपण स्वतः सोबत जावे. इंग्रजी बोलणारे कोणी बरोबर असले की खिडकीपलीकडचा आवाज बदलतो, हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण तसे होते.

बालवैद्य_कोपरी :

मुख्यसेविकाताईंना एक सुचवू इच्छितो. गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसला जवळजवळ सगळ्या वस्त्यांतून मुले येतात, आणि त्यानंतर तीन-साडेतीन वर्षे येत नाहीत. त्या सत्रातच, सुई देण्याआधी, आईला तीनच प्रश्न विचारले तर? हाक मारल्यावर वळतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, आणि धाग्यात आलेला काऊ-चिऊचा प्रश्न. याने निदान होणार नाही, पण पुढे कोणाला पाठवायचे ते कळेल.

मुख्यसेविका_तुर्भे :

विचारता येतील. सुई टोचल्यावर मूल रडते आणि आई निघून जाते, त्यामुळे कार्ड भरायच्या टेबलावरच विचारावे लागतील, आणि ते टेबल सेविका सांभाळते, परिचारिका नव्हे. तेवढे प्रशिक्षण आमच्या मासिक बैठकीत देता येईल. माझी अट एकच आहे. ज्या मुलाबाबत शंका येईल, त्याला पुढची तारीख त्याच टेबलावर, लेखी मिळाली पाहिजे, आणि ती रविवारची किंवा संध्याकाळची असली पाहिजे. नाहीतर आम्ही शंभर चिठ्ठ्या लिहू आणि शंभर आयांपुढे पुन्हा 'उदासीन' असा शेरा पडेल. डॉक्टरसाहेब, आपल्या संघटनेतले कोणी महिन्यातून एक रविवार देत असतील तर कळवावे. वस्तीतली समाजमंदिराची खोली मी मागून ठेवते.

बालवैद्य_कोपरी :

संघटनेतल्या दोघांशी आजच बोलतो. पहिला रविवार माझा धरावा. बेरा तपासणीचे मात्र त्या खोलीत काही करता येणार नाही, त्यासाठी वाशीतल्या केंद्रात दुपारच्या वेळा मिळतात का, हे आपण विचारून पाहावे. दुपारी जेवून मुले तशीही झोपतात.